चालत जाता येईल इतकी हिरवळ

फिलाडेल्फिया हे अमेरिकेतले जुने कारखानदारीचे शहर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले, माणसे शहर सोडून गेली, ओस पडलेली घरे पाडली गेली आणि गरीब वस्त्यांमध्ये जागोजागी रिकामे भूखंड उरले. त्यांवर तण माजले, राडारोडा पडला, जुने टायर, गाद्या, बाटल्या येऊन साचल्या. आसपास राहणाऱ्यांना रोज घराचे दार उघडले की समोर हेच दिसायचे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या भूखंडांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शहरभरातून ५४१ भूखंड निवडले आणि सोडत काढावी तशी त्यांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटातल्या भूखंडांवरचा कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत पेरले, मोजकी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले आणि पुढेही नियमित देखभाल ठेवली. दुसऱ्या गटात फक्त साफसफाई केली. तिसऱ्या गटाला हात लावला नाही. काम अगदी साधे होते. कारंजी, बाक, खेळणी, रंगीत दिवे यांतले तिथे काहीच नव्हते.

या भूखंडांजवळ राहणाऱ्या ४४२ लोकांच्या मुलाखती कामाच्या आधी घेतल्या होत्या, आणि त्यांतल्या ३४२ जणांच्या नंतरही घेतल्या. शहरी आरोग्याचा अभ्यास चालू आहे, एवढेच त्यांना सांगितले होते. प्रश्न सरळ होते. गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा उदास वाटले? किती वेळा आशाच उरली नाही असे वाटले? किती वेळा बेचैनी वाटली? प्रत्येक गोष्ट करणे जड जाते, आपली काही किंमतच नाही, असे किती वेळा वाटले?

ज्यांच्या शेजारच्या भूखंडावर हिरवळ आली होती, त्यांच्यात उदास वाटण्याचे प्रमाण हात न लावलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. आपली काही किंमत नाही ही भावना जवळपास निम्म्याने कमी झाली. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये तर उदासीतली घट ६८ टक्क्यांच्या वर गेली. नुसती साफसफाई केलेल्या भूखंडांजवळ मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या भावनांचे आहेत, डॉक्टरांनी केलेल्या निदानाचे नाहीत. तरीही या प्रयोगाचे मोल मोठे आहे. बागेजवळ राहणारी माणसे जास्त समाधानी असतात, असे दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत. पण बागेजवळचे घर महाग असते, म्हणून तिथे राहणाऱ्याकडे पैसाही जास्त असण्याचा संभव असतो. मग समाधान बागेचे की पैशाचे, हे कसे ठरवायचे? फिलाडेल्फियातल्या प्रयोगात कोणाचे घर बदलले नाही, कोणाची मिळकत वाढवली नाही. बदलली ती समोरची जागा, आणि कोणती जागा बदलायची हे सोडतीने ठरले होते. म्हणून निसर्ग आणि मन यांचा संबंध हा केवळ योगायोग नाही, असे इथे बऱ्याच भरवशाने म्हणता येते.

थकते ते लक्ष

हिरवळीने मनाला बरे का वाटावे, याचे एक पटणारे स्पष्टीकरण मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने मांडले. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्याची सविस्तर मांडणी आहे. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की आपले लक्ष दोन तऱ्हांनी काम करते. एक लक्ष आपण मुद्दाम लावतो. हिशेब तपासताना, रहदारीत गाडी चालवताना, गोंगाटात फोनवरचे बोलणे ऐकताना ते लागते. दुसरे लक्ष आपोआप वेधले जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही.

मुद्दाम लावलेल्या लक्षाला मोठे काम असते. एका गोष्टीवर टिकून राहायचे तर बाकीच्या शंभर गोष्टी बाजूला सारत राहावे लागते. शेजारच्या टेबलावरचे बोलणे, मोबाइलची थरथर, घरी काय चालले असेल ही काळजी, हे सगळे मेंदूला सतत मागे ढकलावे लागते. दिवसभर ओझे उचलून भरून आलेल्या हातासारखे हे लक्षही संध्याकाळपर्यंत थकते. मग एकच ओळ तीनदा वाचावी लागते, साध्या गोष्टीचा निर्णय होत नाही, आणि मुलाने पेला सांडला एवढ्यावरून आवाज चढतो. आपण याला चिडकेपणा म्हणतो आणि स्वभावाला बोल लावतो. खरे तर ती पुष्कळदा दमलेल्या लक्षाची खूण असते.

झोप हा या थकव्यावरचा पहिला उपाय. पण जागेपणीही लक्षाला विसावा मिळू शकतो, तो दुसऱ्या तऱ्हेचे लक्ष कामाला लागले की. इथे एक महत्त्वाचा फरक आहे. कर्णकर्कश हॉर्न, उलट दिशेने अंगावर येणारी दुचाकी, दर दोन सेकंदांनी बदलणारी जाहिरात, यांनीही लक्ष आपोआप वेधले जाते, पण दरडावून वेधले जाते. पानांची सळसळ, ढगांची चाल, दगडावरून वाहणारे पाणी हळुवारपणे लक्ष ओढते आणि सोबत मनाला मोकळी जागाही ठेवते. त्याकडे बघताना काही ठरवायचे नसते, काही टाळायचे नसते. कॅप्लन दांपत्याच्या मते हा सौम्य ओढाच थकलेल्या लक्षाला पुन्हा उभारी देतो.

याची तपासणी मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केली. त्यांनी वापरलेली चाचणी कोणालाही घरी करून बघता येईल. समोरच्याने सावकाश आकडे म्हणायचे, ७, २, ९, ४. आपण ते उलट्या क्रमाने सांगायचे, ४, ९, २, ७. चार आकड्यांपर्यंत सोपे जाते. सहा-सात आकडे झाले की डोके धरावे लागते, कारण आकडे लक्षातही ठेवायचे आणि मनातल्या मनात फिरवायचेही. मुद्दाम लावलेल्या लक्षाची ही चांगली परीक्षा आहे.

अ‍ॅन आर्बर शहरातल्या ३८ तरुणांनी आधी ही परीक्षा दिली. मग जवळपास तासभर चालून आल्यावर पुन्हा दिली. एका खेपेला ते झाडांनी भरलेल्या वनस्पती उद्यानात चालले, दुसऱ्या खेपेला तेवढेच अंतर शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवर. उद्यानातून परतल्यावर गुण स्पष्ट वाढले. रस्त्यावरून परतल्यावर तशी वाढ दिसली नाही. चालण्याचा व्यायाम दोन्हीकडे सारखा होता, म्हणजे फायदा नुसत्या चालण्याचा नव्हता. त्यातही काही जण कडाक्याच्या थंडीत चालले होते. त्यांना चालताना फारशी मजा आली नाही, तरी लक्ष मात्र इतरांसारखेच सुधारले. निसर्गात गेल्यावर आनंदाने न्हाऊन निघालो नाही तर फेरी वाया गेली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या नकळतही काम होत असते.

तेच ते घोळवणारे मन

मनाच्या आजारांशी जवळचे नाते असलेली एक सवय आहे. वरिष्ठ तसे का बोलले, मी तेव्हा गप्प का राहिलो, माझ्याच वाट्याला हे का, असे तेच ते विचार मनात फिरत राहतात. त्यातून उत्तर निघत नाही, फक्त जखम पुन्हा पुन्हा उघडी होते. असे विचार घोळवत बसण्याची सवय असलेल्यांना नैराश्याचा धोका अधिक असतो, हे मानसशास्त्रात चांगले प्रस्थापित झालेले आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या या सवयीवर काम केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३८ शहरवासी होते. निम्म्यांना विद्यापीठाजवळच्या गवताळ, ओकची झाडे असलेल्या माळावर दीड तास चालायला पाठवले, निम्म्यांना पालो आल्टोतल्या सगळ्यात वर्दळीच्या रुंद रस्त्यालगत. फेरीच्या आधी आणि नंतर त्यांना प्रश्न विचारले, मेंदूची चित्रणेही घेतली. माळावरून आलेल्यांमध्ये विचार घोळवणे थोडे कमी झालेले आढळले. उदासीशी आणि अशा आत वळलेल्या विचारांशी जोडलेला मेंदूच्या पुढच्या भागातला एक छोटा प्रदेशही त्यांच्यात शांत झालेला दिसला. रस्त्याने चालून आलेल्यांमध्ये हे घडले नव्हते.

भीती आणि ताण यांच्याशी जोडलेला मेंदूतला दुसरा भाग म्हणजे बदामाच्या आकाराचा अमिग्डाला. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६३ जणांपैकी काहींना ग्रूनेवाल्डच्या जंगलात आणि काहींना दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर तासभर चालायला लावले. जंगलातून आलेल्यांच्या अमिग्डालातली हालचाल कमी झाली. रस्त्यावरच्यांची वाढली नाही, पण उतरलीही नाही. एका तासाची फेरी मेंदूत मोजता येईल असा फरक करते, हे यातून कळते. तो फरक किती दिवस टिकतो हा वेगळा प्रश्न आहे, आणि म्हणूनच एखाद्या मोठ्या सहलीपेक्षा नेमाने जाण्याला महत्त्व आहे.

मन शांत होते तेव्हा शरीरही ढिले पडते. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये वनस्नानाची कल्पना पुढे आणली. जंगलात शिरायचे, घाई न करता हिंडायचे, वास, आवाज, उजेड अंगावर घ्यायचा, एवढेच त्यात असते. पुढे तिथल्या संशोधकांनी २४ जंगलांमध्ये २८० तरुणांवर मोजमापे घेतली. शहरात असताना जेवढे आढळले त्याच्या तुलनेत जंगलात त्यांची नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक कमी भरले.

एवढेच काय, खाटेवर पडून झाड दिसले तरी उपयोग होतो, असे सांगणारा एक जुना अभ्यास आहे. रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यांनी निवडले आणि वय, लिंग वगैरे जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण घरात आजारी माणसाची खाट कुठे टाकायची हा प्रश्न आला, तर समोर झाड असलेली खिडकी निवडायला तेवढा आधार पुरे.

किती वेळ, किती लांब

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्याला मिळून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे सांगणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त होते. हे दोन तास एका दमात घालवले की थोडे थोडे करून, याने फरक पडत नव्हता. दीर्घ आजार असलेल्यांमध्येही हाच कल दिसला. दोनशे ते तीनशे मिनिटांनंतर फायदा आणखी वाढत नव्हता. १२० ही काही जादूची संख्या नाही, पण रोज वीस मिनिटे म्हणजे आठवड्याचे १४० होतात. एवढा वेळ बहुतेकांना काढता येईल, जागा जवळ असेल तर.

जवळ असेल तर, यातच सगळे आले. आपल्याकडे निसर्गात जायचे म्हणजे सुट्टी काढून महाबळेश्वर गाठायचे किंवा पावसाळ्यातल्या रविवारी एखाद्या धबधब्यावर गर्दी करायची, अशी समजूत पक्की झाली आहे. घाटात तीन तास अडकून, वाहन लावायला जागा शोधून, धबधब्याखाली पाच मिनिटे उभे राहून परतलेला माणूस सोमवारी थकूनच कामावर जातो. त्याच्या घरामागे वडाची सावली असेल, पालिकेची छोटी बाग असेल, तळ्याचा काठ असेल, तर त्याच्या मनाची गरज तिथे जास्त चांगली भागेल.

पुण्याच्या टेकड्या याचे उत्तम उदाहरण आहेत. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती या शहराच्या अगदी पोटात आहेत. कोणतेही तिकीट न काढता पहाटे पाचपासून माणसे तिथे चढत असतात. फेब्रुवारीत वेताळ टेकडीवर गेलात तर गवत वाळून पिवळे पडलेले असते, झाडांची पाने झडलेली असतात. अशात गणेरीचे झाड दिसते. एकही पान नाही, राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या, आणि त्यांच्या टोकांना तळहाताएवढी झळझळीत पिवळी फुले. दोन पावले पुढे गेलो की सातभाईंची टोळी पाचोळा उलथत असते. सगळे एकदम कलकलाट करतात, एकदम गप्प होतात, आणि एकामागून एक पुढच्या झुडपात उडी घेतात. कुठून तरी तांबट पक्ष्याची एका लयीतली टुक-टुक चालू असते. आवाज अगदी जवळचा वाटतो, नजर एकेक फांदी चाळत जाते, पक्षी मात्र पटकन सापडत नाही. त्या दोन मिनिटांत ना कचेरी आठवते ना बँकेचा हप्ता. कॅप्लन ज्याला सौम्य ओढा म्हणतात, तो हाच. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी मोबाइलवरून गोळा केलेल्या नोंदींमध्येही, पक्षी दिसले किंवा ऐकू आले की लोकांची मनःस्थिती सुधारलेली आढळली. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येसुद्धा.

टेकडीवर जाऊन फोनवर व्यवहाराची बोलणी करत भरभर फेऱ्या मारल्या, तर पायांना व्यायाम होतो, लक्षाला विसावा मिळत नाही. म्हणून फोन खिशात ठेवावा. रोज त्याच वाटेने जावे म्हणजे बदल कळू लागतात. पळस कधी फुलला, पहिल्या पावसानंतर कोणते गवत आधी उगवले, टिटवीने अंडी कुठे घातली. अशी ओळख वाढली की मनाला बाहेर गुंतायला जागा मिळते आणि स्वतःभोवती घिरट्या घालणे आपसूक कमी होते.

झाडे औषधाला पर्याय नाहीत

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार यांवर टेकडी हा उपाय नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवे. नैराश्यात बुडालेल्या माणसाला अंथरुणातून उठणेही जमत नाही. त्याला "जरा बाहेर फिरून ये, बरे वाटेल" असे सांगत राहणे म्हणजे आधीच अपराधी वाटणाऱ्यावर आणखी एक अपयश लादणे. सांगण्यापेक्षा त्याच्या सोबत चार पावले चालणे जास्त उपयोगाचे, आणि औषध चालू असेल तर ते चालू ठेवूनच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि महानगरांमध्ये हे प्रमाण अधिक होते. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. स्वतःला किंवा घरातल्या कोणाला गरज असेल तर हा क्रमांक फिरवायला संकोच करू नये. निसर्ग उपचारांना बळ देतो, आजार येण्याआधी मनाचा तोल सांभाळायला मदत करतो. तेवढे त्याचे काम आहे, आणि ते लहान नाही.

हिरवळ कोणाच्या वाट्याला

डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र करून अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांचे बालपण सगळ्यात कमी हिरवळीत गेले, त्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका, सगळ्यात जास्त हिरवळीत वाढलेल्यांच्या तुलनेत काही आजारांत ५५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळला. आईवडिलांची मिळकत, घराण्यातले आजार वगैरे गोष्टी लक्षात घेऊनही फरक उरला. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. पण फिलाडेल्फियातल्या प्रयोगाशेजारी तो ठेवला, तर मूल कुठे खेळते याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आता आपल्या शहरांकडे पाहू. ज्यांना हिरवळीचा लाभ सगळ्यात जास्त होतो, त्या गरीब वस्त्यांमध्ये ती सगळ्यात कमी असते. जिथे बाग आहे तिथे अनेकदा दुपारी फाटकाला कुलूप असते. सकाळी चार घरची धुणीभांडी, संध्याकाळी स्वतःचा स्वयंपाक, अशा बाईला मोकळी मिळते ती दुपारच. सावलीत टेकायची तिला सगळ्यात जास्त गरज, आणि तेव्हाच फाटक बंद. दिव्याविना अंधारी वाट, छेडछाडीची भीती, वृद्धांना न चढता येणाऱ्या पायऱ्या, या गोष्टीही माणसांना झाडांपासून दूर ठेवतात. भीती वाटत असेल तिथे कोणतेच मन विसावत नाही. म्हणून झाडे लावण्याइतकेच ती जागा सर्वांसाठी सुरक्षित आणि उघडी ठेवणे महत्त्वाचे.

टेकडीतून रस्ता काढायचा प्रस्ताव येतो तेव्हा वाचणारी मिनिटे आणि इंधन यांचा हिशेब मांडला जातो. वेताळ टेकडीसाठी पुण्यातले नागरिक रस्त्यावर उतरले, कारण त्या हिशेबात एक रकाना त्यांना कुठेच दिसला नाही. रोज पहाटे तिथे येणारा मधुमेही, निवृत्तीनंतर एकटा पडलेला शिक्षक, परीक्षेच्या ताणाने झोप उडालेली मुलगी, यांना तिथे जे मिळते त्याची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही. आता ती करता येईल इतका पुरावा जगभरातून जमा झाला आहे. मनाचे आरोग्य हा जसा दवाखान्याचा विषय आहे, तसाच तो विकास आराखड्याचा आणि पालिकेच्या अंदाजपत्रकाचाही आहे.

पुढच्या वेळी प्रभागातला उमेदवार दारात येईल, तेव्हा पाणी आणि रस्त्यांसोबत त्याला हेही विचारावे: माझ्या घरापासून चालत किती मिनिटांवर झाडांची सावली आहे, ती दुपारी उघडी असते का, आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलांनाही ती तेवढीच जवळ आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे समाधानकारक असतील, तिथली माणसे मनाने अधिक धडधाकट राहण्याची शक्यता खरोखरच जास्त आहे.